गाडा घ्यावा की घडवावा

चाकणच्या बाजारात मी शर्यतीचा गाडा नुसता बघायला गेलो होतो. घेऊन आलो तो माझ्या बोटांच्या भेगांमुळे.

हे नीट सांगायला पाहिजे, कारण आमच्या घरात या प्रसंगाच्या तीन वेगवेगळ्या हकिकती चालतात आणि तिन्हींत गाढव मीच असतो.

त्या वेळी मी पिंपरीच्या औषधांच्या कंपनीत बाटल्या धुण्याच्या खात्यात होतो. दिवसभर हात सोड्याच्या पाण्यात. बोटांना अशा भेगा पडायच्या की भाकरी मोडताना देव आठवायचा. आता चाकणच्या बाजारात बैलाचा काय किंवा गाड्याचा काय, सौदा तोंडानं होत नाही. दलाल आपलं उपरणं दोघांच्या हातांवर टाकतो आणि त्याखाली आपली बोटं धरून भाव सांगतो. भोवती दहा माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच राहतो. नको असेल तर हात काढून घ्यायचा, घासाघीस करायची असेल तर आपण त्याची बोटं धरायची आणि कबूल असेल तर त्याचा अख्खा पंजा आवळायचा. एवढं मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ते उपरण्याच्या बाहेरून. आतला हात नेहमी आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा असे.

महाळुंग्याच्या एका गाडामालकानं शर्यतीचा नाद सोडला होता आणि त्याचा गाडा दलालानं लिंबाखाली उभा केला होता. मी त्याला दोन प्रदक्षिणा घातल्या. चाक फिरवलं, खाली वाकून बघितलं. कंपनीतला माणूस आहे हे लोकांना कळावं म्हणून चाकाला कानसुद्धा लावला. काही ऐकू आलं नाही, पण मान हलवली.

दलाल म्हणाला, "हात तर द्या, पाव्हणं! हात द्यायला काय पैसं पडत्यात?"

मी हात दिला. उपरणं पडलं. त्यानं माझी तीन बोटं धरली आणि त्याच्या अंगठ्याचं नख नेमकं भेगेत शिरलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. भर बाजारात ओरडलो तर अब्रू जाईल म्हणून दातओठ खाल्ले आणि हाताला जे लागलं ते जीव खाऊन आवळलं. हाताला त्याचा पंजा लागला होता.

"झाला सौदा!" दलालानं उपरणं उडवलं. "एका बोलीत! ह्याला म्हणत्यात काळीज!"

"अहो, पण मी..."

"आबांचा पोरगा ना तुमी? वाटलंच. बापाचा हात हाय."

मग तोंड उघडायची सोयच राहिली नाही. उपरण्याखालचा शब्द मोडला की त्या बाजारात त्या घराच्या माणसाचा हात पुन्हा कुणी धरत नाही. आणि आबा तिथं माझ्या जन्माच्या आधीपासून हात देत आले होते. तीन बोटांचा अर्थ तीन काय, ते मला मागाहून कळलं. आकडा इथं लिहीत नाही. बघायला जाताना कमरेला पैसे कशाला बांधून नेले होते, असं पुढे घरी विचारलं गेलं. मोकळ्या कमरेच्या माणसाला बाजार गाडा दाखवतसुद्धा नाही, एवढंच म्हणू शकतो.

आता गाडा हवाच कशाला होता, ते सांगतो.

आमच्या चऱ्होलीकडची शर्यत म्हणजे घाट. घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे; सरळ चढाची, दोन्ही बाजूंना माणसांनी भरलेली एक पट्टी. खाली चार बैल जुंपायचे, दोन गाड्याजवळ धुरेला आणि दोन त्यांच्या पुढे. त्यांच्याही पुढे एक घोडी, पाठीवर स्वार. गाड्यावर माणूस बसत नाही. निशाण पडलं की सोडायचे. तुम्ही आ वासता आणि तो मिटायच्या आत सगळं वर पोचलेलं असतं. वर पंच घड्याळ धरून उभे. कंपनीतल्या एका परप्रांतीय साहेबाला मी एकदा हे सगळं रंगवून सांगितलं. तो म्हणाला, "बस? इतनाही?" मी म्हणालो, "बस." त्या साहेबाची मला आजही कीव येते.

माझा थोरला भाऊ, दादा, पंधरा वर्षं या घाटात बैल पळवत होता. पण दुसऱ्याच्या गाड्याला. बैल आमचे, खुराक आमचा, जुंपणारा दादा. गाडा मात्र कुणा ना कुणा पाटलाचा. आणि कर्ण्यावरून नाव पुकारतात ते गाडामालकाचं. फेटा बांधतात तो त्याला. एका वर्षी शेजारच्या गावात आमच्या जोडीनं पहिला नंबर काढला. गाडामालकाला खांद्यावर घेऊन नाचले. दादाच्या हातात कुणीतरी अर्ध्या नारळाची वाटी ठेवली. ती वाटी तशीच हातात धरून तो घरापर्यंत आला आणि बैलांपुढे टाकली.

त्या वर्षी आमच्याकडे पांढऱ्या आणि कोशा अशी जोडी होती. पांढऱ्या तरणाबांड. कोशा मात्र उतरणीला लागलेला. तरी घाटात सुटला की पांढऱ्याला ओढून न्यायचा तोच. फाल्गुनात एक दिवस आबांनी त्याचं तोंड उघडून दात बघितले, पायांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "औंदा पळंल. पुढल्या साली मोटंला."

म्हणजे पुढच्या वर्षी कोशा विहिरीवर मोट ओढणार. दादा जेवत होता तो ताटावरून उठला.

"आबा, औंदा आपला गाडा पायजे," तो म्हणाला. "कोशा जाताना आपल्या नावानं पळूंद्या. एकदाच पळूंद्या."

चैत्रातली आमची यात्रा तेव्हा जेमतेम तीन आठवड्यांवर होती. तेवढ्यात गाडा उभा राहिला तर राहिला. मग प्रश्न एकच: घडवायचा की तयार घ्यायचा?

दादा घडवायच्या बाजूचा. आबांनी दोन वर्षांपूर्वी बांधावरची बाभूळ तोडून गोठ्यामागे वाळत टाकली होती. गावात सुतारनाना होते, त्यांच्या हाताला यश होतं. दादाचं म्हणणं, "आपला बैल, आपलं लाकूड, आपला सुतार. दुसऱ्याच्या अंगाचा सदरा आपुन घालतो का?"

मी तयार घ्यायच्या बाजूचा. "सदरा शिवायला टाकला आणि लग्न निघून गेलं तर? तयार गाडा पळून बघितलेला असतो. त्याची खोड आधीच कळलेली असते."

माझ्या मताला घरात वजन होतं. मी कंपनीत होतो आणि कंपनीत यंत्रं असतात, तेव्हा मला चाकांतलं कळतं असा सर्वांचा समज होता. मी तिथं नेमकं काय करतो हे मी फारसं उघड केलं नव्हतं. ते फक्त बायकोला ठाऊक होतं, कारण रोज माझ्या बोटांना तीच तूप लावायची. मी यंत्रांवर बोलायला लागलो की ती उठून चुलीतलं लाकूड पुढे सारायची, सारायची गरज नसली तरी.

आबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि निवाडा दिला. "तू चाकणला जा, गाडा बघून ये. तू नानाकडं जा, इचारून ये. मग बसून ठरवू."

माझं बघणं कसं झालं ते सांगितलंच.

गाडा घरी न्यायचा कसा, हा पुढचा प्रश्न. शर्यतीचा गाडा म्हणजे घरच्या बैलगाडीसारखं ओझं नव्हे. दोन चाकं, मधे आख, वर नावाला सांगाडा आणि पुढे लांब दांडी. मी दांडीचं टोक सायकलच्या कॅरिअरला सुताडीनं बांधलं आणि आळंदीच्या रस्त्याला लागलो. सपाटीवर छान चाललं. मी शीळसुद्धा घातली. मग उतार आला आणि इतका वेळ मी ओढत असलेला गाडा मला ढकलायला लागला. ब्रेक दाबला तर सायकल थांबे, गाडा थांबेना. उतार संपेपर्यंत मी दोन्ही पाय वर धरून "बाजूला! बाजूला!" करत गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एका एस्टीच्या पुढे निघालो.

बांधावरचा एक म्हातारा ओरडला, "आरं, बैल कुठं हाय?"

त्याच्या शेजारचा म्हणाला, "फुडं बघ की, सायकलीवर बसलाय!"

मला राग आला नाही. खरं सांगतो, त्या उतारावर मला इतका आनंद झाला होता की छाती फुटेल असं वाटत होतं. गाडा माझ्या मागे खुळखुळत होता, आणि तो आमचा होता! दादा बघेल तेव्हा काय म्हणेल, कोशाला कधी जुंपू, गाड्याला रंग कोणता द्यायचा, असले विचार करत मी गावात शिरलो.

दारात दादा, आबा आणि सुतारनाना उभे होते. नानांच्या हातात खोबऱ्याचा तुकडा होता. अंगणात आमची बाभूळ आणून टाकलेली, तिच्यावर हळदीकुंकू आणि लाकूड तासायच्या वाकसाचे ताजे घाव.

दादा विचारायला गेला होता. नाना लाकूड बघायला आले. वाळलेली बाभूळ बघून नानांचे डोळे चमकले, दादाचे त्यांच्याहून चमकले, कुणीतरी नारळ आणला, नारळ फुटला आणि वाकस चालला. नारळ फोडून लाकडाला हत्यार लावलं की ते काम अर्ध्यावर सोडत नाहीत. अशुभ. म्हणजे मी इकडे घेऊन मोकळा आणि दादा तिकडे घडवायला बसून मोकळा, एकाच दिवशी!

दादा माझ्या गाड्याकडे बघत होता, मी त्याच्या लाकडाकडे.

शेवटी आबा म्हणाले, "ह्यो बघाय गेला आन् घिऊन आला. त्यो इचाराय गेला आन् सुरू करून आला. पोरं दोन, गाडं बी दोन. बैल बी दुपटीनं आणता का आता?"

नाना खोबरं चावत माझ्या गाड्याभोवती फिरले. "कंपनीवाले, चाक झ्याक हाय," ते म्हणाले. मी फुगलो. "बाकी समदं दुसऱ्याच्या बैलाचं हाय."

हे मला तेव्हा कळलं नाही. रविवारी कळलं.

रविवारी कंपनीला सुट्टी. आम्ही रिकाम्या घाटावर गाडा नेला, पांढऱ्या-कोशाला जुंपलं. पुढची जोडी आणि घोडी यायची ती यात्रेच्या दिवशी, दादाच्या मेहुण्याकडून. आज नुसती चाचणी. गाड्यावर कुणी बसत नाही हे मी वर लिहिलं आहे. मी बसलो. गाडा सरळ चालतो का हे आतून बघतो, असं म्हणालो. आतून बघणं हा कंपनीतला शब्द होता. तिथं बाटली आतून बघायची असते.

दादानं बैल सोडले. दहा पावलं गेलो असू. महाळुंग्याची जोडी ठेंगणी होती आणि आमची उंच. उंच बैलांच्या मानेवर जू चढलं, दांडी वर उचलली गेली, गाड्याची पाठ खाली बसली. आणि त्या पाठीवर मी. गाडा उलाळ झाला. दांडी आभाळात, जू वर खेचलं जाऊन बैलांच्या गळ्याखालचे पट्टे आवळलेले, मी पाठीवर पडून पाय वर केलेला. कोशा घोगरा आवाज काढून जागच्या जागी थांबला. दादानं धावत येऊन सुरी काढली आणि पट्टे कापले.

मला न रागावता तो कोशाच्या गळ्यावर हात फिरवत बसला. कातडं सोललं नव्हतं. तरी तो पुन्हा पुन्हा तिथंच चाचपून बघत राहिला.

घरी येताना मी म्हणालो, "दादा, मग नानांचा गाडा."

"नाना म्हनत्यात, सांगाडा व्हईल. चाकं न्हाई व्हायची. घाईचं चाक घाटात सुटतं."

"मग माझी चाकं, नानांचा सांगाडा!"

दादा थांबला. त्याच्या तोंडावर एकदम ऊन पडल्यासारखं झालं. आम्ही दोघं बैलांना तिथंच रस्त्यात सोडून जवळजवळ पळत नानांच्या खोपटापाशी गेलो. बैल आमच्या मागून शहाण्यासारखे चालत आले.

नाना म्हणाले, "न्हाई."

"नाना..."

"दुसऱ्या सुताराच्या चाकावर माझी दांडी बसायची न्हाई. पळाला तर म्हनतील चाक पळालं. आन् पडला तर म्हनतील नानाची दांडी पडली. ह्या वयात मला ह्यो धंदा नगं."

बोलणं खरं होतं. दादा दारातल्या ओंडक्यावर बसला. बारा दिवस उरले होते. तो म्हणाला, "ऱ्हाऊंद्या नाना. पुन्यांदा पाटलाच्या गाड्याला जुंपतो." हे त्यानं इतक्या हळू म्हटलं की मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, "तुम्ही नका लावू हात. मी करतो."

दुसऱ्या दिवशी माझी दुपारची शिफ्ट होती. सकाळीच मी गाडा नानांच्या दारात नेला आणि त्यांच्याच समोर सोडायला बसलो. नाना खोपटाच्या सावलीला तंबाखू मळत होते. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो, ते माझ्याकडे बघत नव्हते. चाक बाहेर येऊ नये म्हणून आखाच्या टोकाला खीळ असते. ती काढायला मी हातोडा घेतला आणि ठोकायला लागलो.

थोड्या वेळानं सावलीतून आवाज आला, "खीळ आत चाललीया."

"माहीत आहे," मी म्हणालो. माहीत नव्हतं.

मी दुसऱ्या बाजूनं ठोकायला लागलो. हातोडा निसटून पायाच्या अंगठ्यावर बसला. मग वाकस घेतला.

"वाकस उलटा हाय."

सरळ केला. दांडीवर एक घाव घातला, दांडी सोडून भलतीकडेच लागला. एक ढलपी उडून नानांच्या पायाशी जाऊन पडली. त्यांनी ती उचलली, उलटीपालटी करून बघितली, आणि चेहरा असा केला की जणू मी गाईला मारलं.

"सरक," ते म्हणाले.

"नाना, तुमचा नेम..."

"माझा नेम ऱ्हाऊंदे. लाकडाचं हाल बघवना मला. सरक तिकडं, बाटल्या धुनाऱ्या!"

म्हणजे गावाला ते ठाऊक होतं. किती दिवसांपासून होतं कोण जाणे.

नानांनी खीळ दोन टोल्यांत काढली. पण मनातली अढी काही त्यांच्या तोंडावरून जात नव्हती. चाक पुढ्यात आडवं टाकून ते बराच वेळ बसले. मग त्यांनी चाकातली एक आरी, बरी चांगली, घट्ट बसलेली, ठोकून बाहेर काढली. आमच्या बाभळीचा तुकडा घेऊन तश्शीच नवी आरी तासली, बसवली, तळहातानं तिच्यावर थाप मारली. दुसऱ्या चाकाचंही तसंच केलं.

"आता चाक माझं," ते म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले.

त्यानंतरचे दिवस मला लखलखीत आठवतात. शिफ्ट सुटली की कासारवाडीला चहा टाळून मी सरळ सायकल हाणायचो, कारण आज काय झालं असेल हे बघितल्याशिवाय चैन पडायची नाही. एक दिवस नानांनी खोपटापुढे राख पसरली आणि पांढऱ्या-कोशाला तिच्यावरून चालवलं. मग उकिडवं बसून दोघांच्या पावलांमधलं अंतर सुतळीनं मोजलं, गाठी मारल्या. उंचीसाठी दुसरी सुतळी, मानेसाठी तिसरी. त्या गाठींवरून दांडी तासली, जू कोरलं. कोशाच्या बाजूला जू बोटभर जास्त खोलगट केलं, कारण म्हातारा बैल मान खाली घालून ओढतो. कागद नाही, पेन्सिल नाही. मी म्हणालो, "नाना, आमच्या कंपनीत याला..." ते म्हणाले, "तुमच्या कंपनीत बैल हाय का?"

यात्रेच्या आदल्या सकाळी गाडा जुंपून बघितला. जू दोन्ही मानांवर असं बसलं की दादानं हात लावून बघितलं, मग काढून घेतला, मग पुन्हा लावला.

यात्रेला घाटावर मुंगीला जागा नव्हती. माझ्याकडे वंगणाचं काम दिलं होतं. त्यात बिघडण्यासारखं काही नाही असा घरच्यांचा अंदाज होता. मी दोन्ही चाकांना वंगण चोपडलं, मग पुन्हा चोपडलं, मग आणखी एकदा. बाऱ्यांमागून बाऱ्या जात होत्या. धुरळा, गुलाल, हलगी, कर्णा. आमची बारी आली तसा मी चौथ्यांदा वंगणाला हात घातला.

दादानं पुढे मेहुण्याची जोडी लावली, धुरेला आपली. कोशाच्या कानात काहीतरी बोलला. काय बोलला ते त्यानं आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. नाना माझ्या शेजारी उभे होते, डोळे मिटून. "गाडा वर पोचला की सांग," म्हणाले.

आणि कर्ण्यावरून आमच्या आबांचं नाव आलं. पूर्ण नाव, आजोबांसकट, आडनावासकट. घाटाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत ते घुमलं. मी माझं स्वतःचं नाव विसरलो असतो तर त्या क्षणी.

निशाण पडलं. "भिर्रर्रर्र!" असा एकच गलका उठला. घोडी उडाली, मेहुण्याची जोडी उडाली, आणि त्यांच्या मागे आमची. कोशा! मान खाली, शेपूट सरळ, पांढऱ्याला काखेत घेतल्यासारखा. मध्यावर घाटात एक दगडाचा उंचवटा आहे. तिथं डावं चाक वीतभर वर उचललं गेलं. गाडा एका चाकावर. सगळा घाट "आरारारा" करून वाकला. मी नानांचा दंड धरला. ते ओरडले, "काय झालं? काय झालं?" तोवर चाक परत खाली टेकलं, गाडा सरळ झाला, आणि धुरळ्यातून वरच्या निशाणापलीकडे गेलासुद्धा.

"गेला!" मी म्हणालो. "नाना, गेला!"

नानांनी डोळे उघडले. शेजारच्या माणसाला म्हणाले, "चाक बी माझंच हाय."

आम्ही घाट चढून वर पळालो. नंबर तिसरा लागला, हे वर पोचल्यावर कळलं. तिसरा! पहिल्याच वर्षी, आपल्या गाड्याचा, तीन आठवड्यांपूर्वी अस्तित्वात नसलेल्या गाड्याचा! आबांच्या खांद्यावर लोक गुलाल टाकत होते आणि ते "आरं डोळ्यांत जातोय" म्हणत होते. मी सरळ गाड्याखाली शिरलो. चाकं बघितली, आख बघितला, नानांच्या दोन्ही आऱ्या हलवून बघितल्या. एकही केसभर ढिली नव्हती. मी खालूनच ओरडून सगळ्यांना ते सांगत होतो. ऐकलं कुणी ते माहीत नाही.

घरी आल्यावर बायको भाकऱ्या थापत होती. ती बायकांबरोबर देवळाच्या गच्चीवरून बघत होती हे मला ठाऊक होतं, तरी मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. डावं चाक कसं उचललं, आऱ्यांनी कसा जोर धरला, दांडीचा कोन थोडा जरी चुकला असता तर काय झालं असतं. ती भाकरी उलटत होती. शेवटी मी विचारलं, "काय गं, कसा पळाला आपला गाडा?"

"गाडा?" ती म्हणाली. "मी कुठं गाडा बघितला? मी आपली थोरल्या भावजींकडं बघत हुते. वर तिसऱ्या नंबराला आबांचं नाव निघालं तवा रडलं ते, कोशाच्या मानंत तोंड घालून. लगीन हून आल्यापास्नं असं कवा बघितलं न्हवतं मी त्यांना. तुमी बघितलं का? न्हाई, तुमी कशाला बघाल, तुमी गाड्याखाली व्हता." मग तव्यावरची भाकरी माझ्याकडे सरकवून म्हणाली, "आन् आधी हात धुवा. कोपरापतुर वंगण हाय."